लाल बावट्याचे आबासाहेब

१९६२ साली महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक झाली. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने घेतल्या. त्या लाटेतही शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) पंधरा जण निवडून आले. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे तरुण वकील गणपतराव देशमुख त्यांतलेच एक.

ही निवडणूक धरून ते एकूण अकरा वेळा आमदार झाले. मतदारसंघ एकच, पक्षही एकच. तालुका त्यांना ‘आबासाहेब’ म्हणे. या काळात शेकापला गळती लागली, पुढारी काँग्रेसच्या मांडवात गेले. आबासाहेब मात्र पक्षाच्या लाल बावट्याखालीच राहिले आणि बहुतेक वर्षे विरोधी बाकांवर बसले. १९७८च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात ते मंत्री होते. १९९९मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे पणन आणि रोजगार हमी ही खाती आली. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला रोजगार हमीचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण मंत्रिपद त्यांच्या हयातीतला छोटा भाग. त्यांची खरी कमाई पाण्याच्या लढाईत आहे.

सांगोला पर्जन्यछायेत येतो. माण नदी वर्षाचा बराच काळ कोरडी. कृष्णेचे पाणी तिकडे कऱ्हाडकडे, आणि मधे चढ. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले होते, निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर व्हायचा होता. तोवर पाणी अडवले नाही तर ते हातचे जाईल, ही धास्ती होती. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३पासून आटपाडीत दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरवल्या, त्यात गणपतराव पुढे होते. मागणी नुसत्या पाण्याची नव्हती, समन्यायी वाटपाची होती. टेंभू योजना त्या रेट्यातून पुढे सरकली: कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी अडवायचे, पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवायचे आणि खानापूर, आटपाडी करत सांगोल्याकडे सोडायचे. विजेचे बिल, अपुरा निधी, रखडलेले कालवे यांत वर्षांमागून वर्षे गेली. इतका धीर एका आमदाराने धरला, हे आजच्या पाच-पाच वर्षांच्या हिशेबात दुर्मीळच म्हणायचे.

पाणी येईतो लोकांनी काय खायचे? त्याचे उत्तर सहकारी सूतगिरणीत होते. बायकांसाठीही त्यांच्या पुढाकाराने स्वतंत्र गिरणी उभी राहिली. शेतकऱ्यांनी इकडे थेंब-थेंब पाण्यावर डाळिंब पिकवले. एवढे करूनही आबासाहेब स्वतः एसटीने फिरत, ही गोष्ट लोक अजून सांगतात.

मतदारांनी त्यांना डोळे झाकून मते दिली असे मात्र नाही. १९७२मध्ये ते हरले. १९७४च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५चा पराभव जिव्हारी लागणारा होता: शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. त्यानंतर चार वर्षांनी, सत्तरी ओलांडलेली असताना, त्यांनी ती जागा परत घेतली आणि पुढच्या तीन निवडणुकाही जिंकल्या. २०१४च्या विजयावेळी ते नव्वदीच्या उंबरठ्यावर होते.

२०१९ला त्यांनी स्वतः निवडणूक लढवली नाही. नातू अनिकेत उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. ३० जुलै २०२१ला आबासाहेब गेले. २०२४मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शहाजीबापूंना हरवून निवडून आले. त्या विधानसभेत शेकापचा निवडून आलेला आमदार तेवढा एकच.