कलिनाचा कागद आणि परदेशातला प्रवेश

'तीन वर्षांची बीएस्सी आहे ना? मग परदेश विसर.' कल्याणच्या बिर्लात, डोंबिवलीच्या पेंढरकरमध्ये, ठाण्याच्या बांदोडकरमध्ये शेवटच्या वर्षाला असलेल्या बहुतेकांनी हे वाक्य कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. सांगणारा आधीच्या बॅचचा दादा असतो, नाहीतर शेजारचे काका. सांगण्यात काळजी असते, खोटेपणा नसतो. पण प्रवेशाचे नियम देशागणिक वेगळे असतात, विद्यापीठागणिक वेगळे असतात आणि एकाच विद्यापीठात विभागागणिकही वेगळे असतात. दहा वर्षांपूर्वी एकाला एका ठिकाणी नकार आला म्हणून आज दुसऱ्याने अर्जच न करणं, हे नुकसान मला फार लागतं. नकार आला तर तो त्या विभागाकडून यावा, लोकलच्या डब्यातून येऊ नये.

तीन वर्षांच्या पदवीचंच आधी बघू. इंग्लंडमधल्या बहुतेक पदव्याच मुळात तीन वर्षांच्या आहेत. युरोपातल्या देशांनी १९९९च्या बोलोन्या करारानंतर पदवीची जी चौकट आखली, तिच्यातही तीन वर्षांची पदवी सर्रास आहे. त्यामुळे इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी इथे केवळ वर्षं मोजून मुंबई विद्यापीठाची बीएस्सी किंवा बीकॉम बाजूला पडत नाही. अडचण येते ती अमेरिका आणि कॅनडात, कारण तिथे पदवी चार वर्षांची असते आणि अनेक विभाग एकूण सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. आपली बारावी अधिक तीन म्हणजे पंधरा. पण तिथेही सरसकट बंदी नाही. काही विभाग तीन वर्षांची पदवी थेट स्वीकारतात, काही जण श्रेणी आणि विद्यापीठाचं नॅक मूल्यांकन पाहतात, काही जण पुढची एमएस्सी असेल तरच विचार करतात. मुंबई विद्यापीठाला २०२१ साली नॅकची ए प्लस प्लस श्रेणी ३.६५ गुणांसह मिळाली आहे, हे अर्ज करणाऱ्याला माहीत असायला हवं. चार वर्षांच्या बीईवाल्यांना हा प्रश्न येतच नाही. नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी घेण्याची सोय आहे, तेव्हा आत्ता पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्यांनी अमेरिका मनात असेल तर त्या चौथ्या वर्षाचा विचार आजच करावा.

आणि 'मुंबईच्या डिग्रीला तिकडे कोण विचारतं' असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी नोंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ साली याच विद्यापीठातून बीए झाले आणि १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी दाखल झाले.

कॉलेजचं नाव यादीत सापडत नाही

ऑनलाइन अर्जात संस्थेची यादी उघडते, त्यात आपलं कॉलेज नसतं आणि मुलं घाबरतात. कॉलेजला मान्यताच नाही, असा अर्थ काढतात. पदवी देतं ते विद्यापीठ. संलग्न कॉलेज असो वा स्वायत्त, पदवी प्रमाणपत्रावर मुंबई विद्यापीठच असतं. यादीत विद्यापीठ निवडायचं आणि कॉलेजचं नाव सोयीच्या रकान्यात लिहायचं. स्वायत्त कॉलेजांच्या बाबतीत एक फरक मात्र लक्षात ठेवा. तिथे परीक्षा कॉलेज घेतं, मार्कशीटही कॉलेज देतं. त्यामुळे गुणांच्या नोंदींसाठी आधी कॉलेजच्या परीक्षा विभागाचा दरवाजा ठोठावावा लागतो.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मार्कशीटच्या झेरॉक्सचा गठ्ठा, हा समज तर घरोघरी आहे. ट्रान्सक्रिप्ट हा सगळ्या सत्रांचे विषय, श्रेयांक आणि गुण एकत्र दाखवणारा वेगळा अधिकृत दस्तऐवज आहे. त्याची किंमत तो कुणी पाठवला यावर ठरते. सीलबंद पाकिटात किंवा थेट संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून आलेला ट्रान्सक्रिप्ट अधिकृत. तुम्ही पाकीट फोडून स्कॅन करून पाठवलात की तोच कागद अनधिकृत होतो. कुर्ल्याला उतरून, विद्यापीठाच्या कलिना संकुलात जाऊन, रांगेत उभं राहून आणलेलं पाकीट उत्सुकतेपोटी घरी उघडू नका.

पण हा सगळा खटाटोप कधी करायचा, याबद्दल मोठा गैरसमज आहे. अमेरिकेतले बरेच विभाग अर्जाच्या वेळी अनधिकृत प्रत चालवून घेतात. तुमच्या हातातल्या मार्कशीट स्वच्छ स्कॅन करून चढवायच्या, अधिकृत प्रत प्रवेश मिळाल्यावर. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस, म्हणजे मुलांच्या तोंडचं 'वेस', या संस्थेकडून मूल्यांकन करून घेतल्याशिवाय अर्जच करता येत नाही असं क्लासमध्ये सांगितलं जातं, तेही असंच. ही १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली खासगी, ना-नफा संस्था आहे. ती परकीय पदवीचा स्थानिक पदवीशी मेळ घालून अहवाल देते. काही विद्यापीठं असा अहवाल मागतात, अनेक विद्यापीठं आपलं मूल्यांकन आपणच करतात. आठ ठिकाणी अर्ज असतील आणि एकाच ठिकाणी अहवाल हवा असेल, तर तो एकासाठीच खर्च आहे. हे पैसे आईवडिलांच्या पगारातून जातात. विभागाच्या पानावर 'आवश्यक' लिहिलंय का, एवढं वाचून मगच भरावेत.

जर्मनीची गोष्ट वेगळी. तिथे नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना, मोजके अपवाद सोडून, व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं. दिल्लीतलं एपीएस कार्यालय तुमची कागदपत्रं खरी आहेत का हे तपासतं. ते प्रवेश देत नाही, गुणवत्ताही ठरवत नाही. पण त्याला अनेक आठवडे लागू शकतात, म्हणून ते काम सगळ्यात आधी हाती घ्यायचं.

गुणांना २५ने भागायचं, सीजीपीएला ९.५ने गुणायचं

या दोन सूत्रांनी आपल्याकडच्या मुलांचं जितकं खच्चीकरण केलं असेल तितकं परीक्षेनेही केलं नसेल. ६८ टक्के भागिले २५ म्हणजे २.७२, आणि विभाग ३.० मागतो, म्हणून अर्ज नाही! हा हिशेब चूक आहे. अमेरिकेत ९० टक्क्यांच्या वर 'ए' मिळतो, मुंबई विद्यापीठात ६० टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळतो. दोन्हीकडचे १०० सारखे नाहीत. परकीय पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्यांना हे ठाऊक असतं, त्यामुळे आपला फर्स्ट क्लास ते त्यांच्या वरच्या श्रेणींशी जोडतात. बऱ्याच अर्जांत तर स्पष्ट लिहिलेलं असतं की गुण तुमच्या मूळ पद्धतीतच लिहा, रूपांतर करू नका. मग १० पैकी ७.६ असेल तर ७.६ लिहायचं आणि 'पैकी'च्या रकान्यात १०.

९.५चं सूत्र सीबीएसईने दहावीच्या निकालासाठी दिलेलं होतं. मुंबई विद्यापीठाच्या पदवीशी त्याचा संबंध नाही. टक्केवारी मागितलीच तर आपल्या अभ्यासक्रमासाठी विद्यापीठाने जाहीर केलेलं सूत्र वापरावं आणि ते परिपत्रक जोडावं. सूत्र अभ्यासक्रमाच्या आवृत्तीनुसार बदलतं, म्हणून मोठ्या भावाचं सूत्र धाकट्याला लागू पडेलच असं नाही.

जर्मनीत गणित उलटं चालतं. तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. आपले गुण त्या मापात बसवण्यासाठी 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. १० पैकी ८ सीजीपीए आणि उत्तीर्ण होण्यासाठी ४ धरले, तर २ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.०. जर्मन मापाने ही चांगली श्रेणी आहे. उत्तीर्णतेच्या जागी शून्य टाकून कुणी १.६ काढतो आणि खूश होतो, तर विद्यापीठ स्वतः मोजतं तेव्हा आकडा वेगळा येतो.

तरीही जर्मनीत आपल्या मुलांचे अर्ज अडतात ते बरेचदा गुणांवर नाहीत, विषयांवर. विभाग विचारतो, गणिताचे श्रेयांक किती, सैद्धांतिक संगणकशास्त्राचे किती. बीएस्सी आयटीच्या मार्कशीटवर विषयाचं नाव एका ओळीत असतं, त्याखाली काय शिकवलं ते कळत नाही. इथे विद्यापीठाचा मंजूर अभ्यासक्रम कामी येतो. विद्वत सभेची तारीख आणि आयटम नंबर असलेली ती पीडीएफ आपल्या प्रवेशवर्षाचीच आहे ना, ते पाहून आत्ताच उतरवून ठेवा. ट्रान्सक्रिप्टसाठी आटापिटा करणारी मुलं या फाइलकडे दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते तीच त्यांची बाजू सगळ्यात नीट मांडते.

केटी आणि उशिराचे निकाल

एटीकेटी लागली, एखादा विषय राहिला, म्हणजे परदेशाचं दार बंद, हेही खरं नाही. काही विद्यापीठं बॅकलॉगची मर्यादा घालतात, काही शेवटच्या दोन वर्षांचे गुण पाहतात. विषय सुटला असेल तर तो सुटलाच. लपवणं मात्र घातक. नंतर अधिकृत नोंदीत ते दिसतं आणि प्रवेश मिळाल्यावरही रद्द होऊ शकतो. आजारपण, घरातली नोकरी गेलेली, असं कारण असेल तर अर्जातल्या अतिरिक्त माहितीच्या जागी दोन-तीन सरळ ओळी लिहाव्यात.

आणि निकालच लागला नसेल तर? २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांचं काम रखडलं. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. परदेशी प्रवेश हातात असलेल्या मुलांनी तो पावसाळा कसा काढला असेल याची कल्पना करवत नाही. तेव्हापासून निकाल लांबला की 'सीट गेली' अशी धास्ती बसते. पण शेवटच्या वर्षात असताना मिळालेला प्रवेश बहुधा सशर्तच असतो, अंतिम निकाल नंतर द्यायचा असतो. निकाल लांबणार असं दिसताच प्रवेश कार्यालयाला लिहा, कॉलेजकडून अपेक्षित तारखेचं पत्र लेटरहेडवर घ्या, मुदतवाढ मागा, नाहीतर प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलण्याची विनंती करा. ही विनंती तिथल्या कार्यालयांना नवी नसते. गप्प बसलेल्याची सीट जाण्याची शक्यता जास्त.

नाव, शिक्के आणि ॲपोस्टिल

आपल्या मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव असं सगळं एका ओळीत असतं. पासपोर्टवर क्रम निराळा. यासाठी गॅझेट करावं लागत नाही, क्रम बदलला म्हणजे नाव बदललं असं होत नाही. अर्जात पासपोर्टप्रमाणे लिहावं आणि 'इतर नावे'च्या रकान्यात मार्कशीटवरचं जसंच्या तसं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर त्याचा पुरावा मात्र हवा. स्पेलिंगची चूक असेल तर ती कॉलेजमधून दुरुस्त करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून कागद हातात पडताक्षणी अक्षर न् अक्षर वाचा. २०२५च्या जानेवारीत वाटलेल्या काही पदवी प्रमाणपत्रांवर तर विद्यापीठाच्या बोधचिन्हात 'मुंबई'चंच इंग्रजी स्पेलिंग चुकलं होतं आणि ती प्रमाणपत्रं परत घ्यावी लागली.

ॲपोस्टिल म्हणजे पदवीला आंतरराष्ट्रीय मान्यता, असं सांगून पैसे घेतले जातात. ॲपोस्टिल फक्त सही-शिक्का खरा असल्याचं सांगतं. भारत ॲपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ साली आला, पण जर्मनीने भारताच्या सहभागाला हरकत घेतली, तेव्हा तिथे त्याचा उपयोग नाही. अमेरिकेतली विद्यापीठंही प्रवेशासाठी ते सहसा मागत नाहीत. इटलीसारखे काही देश मागतात. त्या देशाने मागितलं तर करा.

जड इंग्रजी आणि मोठ्या पदाची शिफारस

एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं स्टेटमेंट ऑफ पर्पज, जितकी अलंकारिक तितकी चांगली, या समजुतीने अर्ज एकसारखे होतात. त्यापेक्षा एक जुनं, सरळ पत्र आठवा. कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात गेल्या तेव्हा त्यांच्याकडे कुठलीही पदवी नव्हती. त्यांनी अर्जाच्या पत्रात आपण प्रवेशाच्या सगळ्या अटींत बसत नसू हे मान्य केलं आणि आपल्या देशातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टरची गरज का आहे, आपण का शिकू पाहतो, ते सांगितलं. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. आज पदवीशिवाय प्रवेश होत नाही, हे खरं. पण काय करायचंय, त्यासाठी आत्तापर्यंत काय केलं आणि हाच विभाग का, हे तीन प्रश्न आजच्या वाचणाऱ्यालाही तितकेच महत्त्वाचे वाटतात.

शिफारसपत्रासाठी प्राचार्य, नगरसेवक, बँकेतले मोठे साहेब शोधण्यात वेळ जातो. ज्या मॅडमनी प्रोजेक्टवर तुमच्याशी वाद घातला, त्यांचं पत्र अधिक कामाचं. त्यांना किमान महिनाभर आधी विचारा, आपले गुण आणि प्रोजेक्टचा अहवाल द्या, आणि कॉलेजचा अधिकृत ईमेल आहे का ते विचारा, कारण पत्राची लिंक थेट त्यांच्याकडे जाते आणि खासगी पत्त्याकडे काही विद्यापीठं संशयाने पाहतात. पत्र स्वतः लिहून त्यांच्या नावाने चढवणं ही फसवणूक आहे, ती सर्रास होत असली तरी.

पैशाबद्दलचा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. मास्टर्स आणि पीएचडी दोन्ही कर्जावरच होतात असं धरून चालणारी घरं आहेत. अमेरिकेत विज्ञान-अभियांत्रिकीच्या पीएचडीला बहुधा फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं. बीई झालेल्याला मास्टर्सशिवाय थेट अर्जही करता येतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या अटी आणि तारखा दर वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात. १८९२ साली सुरू झालेला जे. एन. टाटा एंडोमेंट कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. शिष्यवृत्तीसह प्रवेश देणाऱ्या कुणी 'उद्याच होकार कळवा' असं म्हटलं, तर आधी ते विद्यापीठ अमेरिकेतल्या १५ एप्रिलच्या ठरावात सहभागी आहे का ते पाहा. असेल, तर त्या तारखेपर्यंत विचार करायचा हक्क तुमचा आहे, आणि एजंटने घाई केली तरी तो जात नाही.