इंजिन बदलल्यावर जुना ट्रक सुरू न झाल्यास

हंगामाच्या तोंडावर जुन्या ट्रकचें इंजिन बदलून घ्यावें आणि माल भरण्याच्या दिवशींच चावी फिरवितां नुसता ‘टक्’ असा आवाज यावा, हा प्रसंग बऱ्याच बागाइतदारांस परिचित असेल. अशा वेळीं आधीं बॅटरी, मागाहून सेल्फ, असा खर्च होत जातो. बॅटरी भरलेली असूनही असें घडल्यास दोष पुष्कळदां अर्थिंगच्या पट्टींत असतो.

इंजिन रबरी बैठकांवर बसविलेलें असतें व रबरांतून वीज वाहत नाहीं. म्हणून इंजिन व चासी ह्यांना जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी लागते. इंजिन उतरवितांना ती सोडतात; मग ती लावावयाची राहते, किंवा रंगावरच आवळली जाते. सेल्फचा जबर प्रवाह अशा वेळीं क्लचच्या अगर ॲक्सिलरेटरच्या तारेवाटे परतूं पाहतो. ती तार तापून धुमसूं लागल्यास चावी तत्काळ सोडावी.

परीक्षा सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून हँडब्रेक ओढावा. बॅटरीचें जें टोक चासीस जोडलेलें असतें, तेथून इंजिनाच्या उघड्या लोखंडापर्यंत जाड केबल जोडावी. सेल्फ जोमानें फिरला, कीं दोष सांपडला. पट्टीखालील रंग व गंज खरवडून ती घट्ट आवळावी.

सेल्फ फिरूनही डिझेल इंजिन पेट घेत नसेल, तर इंजिन बंद करण्याची तार ओढलेल्या स्थितींत अडकली नाहीं ना, हें प्रथम पाहावें. एवढ्याशा तारेपायीं सबंध पंप उतरविणारे मिस्त्री आहेत! त्यानंतर फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा, व बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येतांच स्क्रू आवळावा.