सहा सेंटिमीटरची चीर

घास गिळला की अन्ननलिका तो लाटेसारखा खाली ढकलते आणि जठराच्या तोंडाशी असलेली स्नायूंची कडी क्षणभर सैल पडते. अकॅलेशियात ही कडी आवळलेलीच राहते. तिला सैल करणाऱ्या चेतापेशी मेलेल्या असतात, आणि वरून येणारी लाटही थंडावते. आधी भाकरी अडते, मग वरणभात, पुढे पाणीसुद्धा. रात्री आडवं झालं की जेवण घशाशी येतं. आजार विरळा, वर्षाला लाखात साधारण एक नवा रुग्ण. म्हणून कित्येकांची वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्यांत जातात.

कडी कापण्याची युक्ती जुनी आहे. जर्मन सर्जन अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये ती पहिल्यांदा केली. १९९०च्या दशकात ती दुर्बिणीतून होऊ लागली. २००० मध्ये अमेरिकेत ‘दा विंची’ या शस्त्रक्रियेच्या रोबोटला परवानगी मिळाली आणि यंत्राचे हात आले. हे हात स्वतःहून काही करत नाहीत. त्याच खोलीत कन्सोलवर बसलेला सर्जन बोटं हलवतो तसे ते हलतात.

पोटावर बोटभरही रुंद नसलेली चार-पाच छिद्रं. यकृताचा डावा भाग वर उचलून धरतात, अन्ननलिकेच्या पुढून जाणारी व्हेगस नस अलगद सोडवतात. मग चीर: नळीवर सुमारे सहा सेंटिमीटर, खाली जठरावर आणखी दोन-तीन. आधी उभे तंतू, मग आडवे, एकेक उचलून कापायचे. आतल्या अस्तराला धक्का नाही. आडवे तंतू सुटले की तेच अस्तर चिरेतून फुगून वर येतं. कसोटी लागते ती जठराच्या सांध्यावर. तिथे तंतू तिरपे होतात, अस्तर चिकटून बसतं. दुर्बिणीचं साधं हत्यार म्हणजे सरळ दांडा. त्याला मनगट नाही. यंत्राच्या हत्याराला आहे. शिवाय हाताची थरथर गाळली जाते आणि खोलीसकट दिसणारं चित्र दहापट मोठं करता येतं. स्पर्श मात्र बहुतेक यंत्रांत पोचत नाही; ताण किती पडला ते डोळ्यांनीच ओळखावं लागतं.

शेवटी चीर पाण्याखाली ठेवून एण्डोस्कोपीने आत हवा सोडतात आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवून पाहतो तसे बुडबुडे शोधतात. मग आम्ल उसळू नये म्हणून जठराची एक घडी चिरेवर शिवतात. पूर्ण वेढा घातला तर घास पुन्हा अडेल.

२००५ च्या एका अमेरिकी तुलनेत दुर्बिणीच्या गटात १६ टक्के रुग्णांच्या अस्तराला भोक पडलं, रोबोटच्या गटात एकालाही नाही. गिळण्यातला आराम मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच. म्हणून दुर्बिणीत हात बसलेला सर्जन गावात असेल, तर केवळ यंत्रासाठी कर्ज काढू नये, असं मला वाटतं. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी तर पोटाला हातच न लावता तोंडावाटे आतून कडी कापण्याची वाट काढली. २०१९ च्या एका तुलनेत तिचं यश हेलर पद्धतीइतकंच भरलं, पण दोन वर्षांनी आम्लाने नळी सुजलेले रुग्ण ४४ टक्के निघाले, हेलरमध्ये २९.

यांतल्या कुठल्याही वाटेने मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. घास स्वतःच्या वजनाने उतरतो. त्यामुळे ऑपरेशननंतरही जेवायचं ते ताठ बसून, नीट चावून, घासामागे पाणी घेत. आणि जेवल्याजेवल्या आडवं व्हायचं नाही.