गिअरबॉक्सची गाळणी

कलबुर्गी जिल्ह्यातील अफजलपूर तालुका म्हटला की किनाऱ्यावरच्या माणसास प्रथम आठवते ते गाणगापूर. भीमा-अमरजा संगमावरील त्या दत्तक्षेत्रास जाण्यासाठी दरवर्षी असंख्य भाविक घाट चढून जातात. गळिताच्या हंगामात त्यांना वाटेत उसाच्या ट्रकांच्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. शेतातील मऊ काळ्या मातीतून मुंगीच्या पावलाने बाहेर पडायचे, आणि तसेच भारासह हावळग्याच्या कारखान्यापर्यंत रखडत जायचे, हे या वाहनांचे नशीब. त्या रस्त्यांवरील बहुतेक ट्रक अजूनही हाताने गिअर टाकण्याचे आहेत. परंतु खाणींतील डंपरांत आणि मोठ्या शहरांतील बसगाड्यांत स्वयंचलित गिअरबॉक्स केव्हाच आली आहे, आणि ती मालवाहतुकीतही पाय पसरणार हे उघड आहे. अशा वेळी या यंत्राच्या तेलाची गाळणी कोठे असावी, हा वरकरणी मिस्त्रीच्या अखत्यारीतला प्रश्न कर्ज काढून एकच ट्रक चालविणाऱ्या मालकाच्या चुलीपर्यंत पोहोचतो.

साध्या गिअरबॉक्समधील तेल दातेरी चाकांना वंगण पुरविते, त्यापलीकडे त्याच्यावर फारशी जबाबदारी नसते. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मात्र तेल हेच यंत्र आहे. इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधून चाकांकडे नेणारे तेच, क्लच-प्लेटा दाबून धरणारे तेच, अंतर्भागाची उष्णता वाहून नेणारे आणि वंगण करणारेही तेच. ज्या व्हॉल्व्हांमधून ते फिरते त्यांच्या फटी इतक्या सूक्ष्म असतात की डोळ्यांस न दिसणारा कणही तेथे अडकून गिअर चुकवू शकतो. आणि असे कण बाहेरून येण्याची गरजच नसते. प्लेटांवरील अस्तराची झीज, धातूंचा किस, हे सारे घरचेच पाप. भार मोठा आणि वेग कमी असला की कन्व्हर्टरमध्ये घसर वाढते, तेल तापते, आणि कूलरला वाराही लागत नाही. काळ्या मातीतील उसाचा ट्रक म्हणजे नेमकी हीच अवस्था, त्यात भर तिकडच्या चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या उन्हाळ्याची.

मग गाळणी नसते काय? असते, पण अनेक गाड्यांत ती गिअरबॉक्सच्या चेंबरमध्ये, पंपाच्या तोंडाशी बसविलेली असते. तेथे ती फार बारीक करता येत नाही, कारण पंपाला तेल ओढता आले नाही तर यंत्र उपाशी मरेल. म्हणून ती जाडच ठेवावी लागते. बारीक कण सुखाने आरपार जातात. शिवाय ती बदलायची तर चेंबर उतरवावे लागते. इंजिनाच्या तेलासाठी गाळणी १९२३ साली अमेरिकेत प्युरोलेटर या नावाने आली. आज खेड्यातला मिस्त्रीही ती चार मिनिटांत बदलतो. गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र काही कारखानदार तेल आयुष्यभर पुरेल असे सांगून मोकळे होतात. कोणाचे आयुष्य, गाडीचे की हमीपत्राचे, हे मात्र ते सांगत नाहीत!

म्हणून जाणकार मंडळी काय करतात, तर कूलरमधून गिअरबॉक्सकडे परत येणाऱ्या नळीत एक बाहेरची बारीक गाळणी बसवितात. ही जागा विचारपूर्वक निवडलेली आहे. तेथे तेल पंपाच्या पुढे गेलेले असते, त्यामुळे पंपाची उपासमार होत नाही. ते थंड झालेले असते; आणि कूलरच्या आतील साचलेला गाळही तेथे अडतो. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व ज्याने एक गिअरबॉक्स गमावली आहे त्यालाच कळावे. जुनी फुटली, नवी बसविली, पण जुनीचा चुरा कूलरमध्ये तसाच राहिला, तर तो थेट नवीच्या पोटात जातो. दर फेरीला सारे तेल या नळीतून जात नाही हे खरे, पण फेऱ्या असंख्य असतात. आणि उतरविलेली गाळणी कापून पाहिली तर यंत्राच्या प्रकृतीचे वर्तमान आधीच कळते: काळी भुकटी थोडी असेल तर चिंता नको, चकाकणारा किस दिसू लागला तर सावध व्हावे.

परंतु येथेच आमचे म्हणणे उत्साही मिस्त्रींना कदाचित आवडणार नाही. अनेक गिअरबॉक्समध्ये कूलरमधून परतणारे तेलच आतील बुशांना वंगण पुरविते. गाळणी तुंबली, आणि तिला बायपास व्हॉल्व्ह नसला, तर वंगण बंद पडून एका घाटात सारे भस्म होईल. जिला बायपास नाही अशी, किंवा प्रवाह पुरेसा न देणारी, स्वस्त गाळणी लावण्यापेक्षा न लावणे बरे. नळीही तापलेल्या तेलाचा दाब सोसणारीच हवी. पाण्याची रबरी नळी काही महिन्यांत मऊ होते, आणि फुटून सायलेन्सरवर उडालेले तेल पेट घेऊ शकते. गाळणी चाकाच्या दगडफेकीपासून दूर, पण हाताच्या टप्प्यात असावी. ती स्वतः थोडे तेल पोटात ठेवते, म्हणून बसविल्यावर पातळी निर्मात्याने सांगितल्या रीतीने पुन्हा पाहावी लागते. लोहचुंबक असलेली गाळणी लोखंड धरते. अ‍ॅल्युमिनियम आणि अस्तराची भुकटी त्याला दाद देत नाहीत.

गाळणीने न होणारी कामेही आहेत. जळून काळे पडलेले तेल गाळून लाल होत नाही. रेडिएटर फुटून त्यात पाणी मिसळले तर प्लेटांचे अस्तर फुगून सुटते, त्यावर गाळणी हतबल आहे. तेल बदलण्याचा खर्च वाचावा म्हणून जो मालक ती बसवील तो फसेल. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर निर्मात्याची लेखी संमती घेतल्याखेरीज नळी कापू नये. पुढे वाद झालाच तर त्याला त्या एका कापाकडे बोट दाखविता येईल.

खरे पाहता ही नळी मालकाने कापण्याची वेळच येऊ नये. अ‍ॅलिसन कंपनीच्या १००० मालिकेच्या गिअरबॉक्सला बाहेरून फिरवून काढता-घालता येणारी गाळणी मुळातच दिलेली आहे, आत जाड गाळणी आहे ती वेगळीच. हे तंत्र गुप्त नाही आणि फार महागही नाही. धूळ, उष्णता आणि अतिभार हे आपल्या रस्त्यांचे नित्याचे त्रिकूट असताना येथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक स्वयंचलित मालवाहू गाडीस अशी गाळणी कारखान्यातूनच मिळाली पाहिजे, आणि ती किती किलोमीटरांनी बदलावी हे चालकाला वाचता येईल अशा मराठीत आणि कानडीत गाडीबरोबर छापून मिळाले पाहिजे. वाहतूकदारांच्या संघटना टायर आणि डिझेल यांच्या भावासाठी आवाज उठवितात. नव्या गाड्यांची मागणी नोंदविताना ही एक अटही त्यांनी घालावी.