वेड, खून आणि दवाखान्याची चिठ्ठी

"वेड्याले खून माफ असते जी!" झाडीपट्टीच्या नाटकाला बसलं की मांडवात कुणीतरी हे ठासून सांगतंच. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्री जागवू लागतात. मलाही त्या नाटकांचा नाद आहे, पण त्याहून मोठा नाद निकालपत्रं वाचण्याचा. आणि निकालपत्रं सांगतात की वेड्याला खून माफ वगैरे काही नसतो.

पाठ्यपुस्तकी भाग आधी उरकतो. 1843 मध्ये लंडनला डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान पील यांचे सचिव ड्रमंड यांना गोळी घातली. तो वेडा ठरून सुटला, तेव्हा ओरड झाली आणि न्यायाधीशांनी नियम घालून दिले. आपल्याकडे 1860 च्या दंड संहितेत कलम 84 आलं. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम 22 आहे. मनोविकारामुळे कृत्य करताना आपण काय करतोय, किंवा ते चुकीचं वा बेकायदा आहे, हे कळत नसेल तर तो गुन्हा नाही. ते दाखवण्याची जबाबदारी मात्र आरोपीची.

गोम आहे ती 'कृत्य करताना' या दोन शब्दांत. नुसता आजार पुरत नाही. मुंबईचा रमण राघव आठवा. 1968 मध्ये तो पकडला गेला. आपण 'एकशे एक टक्के पुरुष' आहोत आणि लोक आपल्याला बाई करू पाहताहेत, असं तो डॉक्टरांना सांगे. तरी 1969 मध्ये सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. बरा न होणारा मनोविकार आहे म्हणून 1987 मध्ये फाशीची जन्मठेप झाली, पण दोषी तो राहिलाच.

मग तो क्षण सिद्ध करायचा कसा? आधीचं वागणं, नंतरचं वागणं आणि कागद यांवरून. माझा आवडता निकाल 2002 चा आहे. महाराष्ट्रातल्या एका पोलिस शिपायाने 1994 मध्ये बायकोच्या डोक्यात वाटण्याचा दगड घातला होता. सर्वोच्च न्यायालयाने एकेक गोष्ट मांडली: वडिलांनाही मनोविकार, स्वतःवर 1992 पासून स्किझोफ्रेनियाचे उपचार, घटनेनंतर 27 जून ते 5 डिसेंबर या काळात 25 वेळा इस्पितळात नेल्याच्या नोंदी. नोकरी सोडायला बायकोचा विरोध, एवढंच खुनाचं कारण. भरदिवसा मारलं, पळाला नाही, लपला नाही. तो निर्दोष ठरला. मला विचाराल तर त्याला वाचवलं ते त्या इस्पितळाच्या नोंदींनी.

2018 मध्ये विदर्भातलंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे होतं. 2006 मध्ये विळ्याने झालेला खून, आरोपीवर मानसिक उपचार झालेले, पण तपासात ते नीट पुढे आलेच नव्हते. खालच्या न्यायालयांत झालेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. पूर्वीच्या वेडाची माहिती तपासात मिळाली, तर आरोपीची लगेच वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा न्यायालयापुढे ठेवणं हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं त्याच न्यायालयाने 2007 मध्येच बजावलं होतं.

सुटणं म्हणजे एसटी धरून थेट घरी जाणं, असंही नव्हे. कृत्य आरोपीनेच केलं की नाही, हे निकालात नोंदवावं लागतं. केलं असेल तर त्याला सुरक्षित ताब्यात ठेवतात किंवा हमी घेऊन नातेवाइकांकडे सोपवतात.

आता आमचा मुलूख बघा. ब्रह्मपुरीत दवाखान्यांची रांग आहे, वैनगंगेपलीकडून आरमोरी-गडचिरोलीचे पेशंट इथे येतात. पण माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला की जंगलपट्टीत अजूनही आधी पुजारी गाठतात. नागपूरचं मनोरुग्णालय 1864 पासून आहे, पण तिथे पोचेपर्यंत वर्षं जातात. पुजारी केसपेपर लिहीत नाही. शिवाय जादूटोण्याच्या संशयावरून मारणारे वेडे ठरत नाहीत. 2021 मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला म्हाताऱ्यांना खांबाला बांधून मारहाण झाली. अख्ख्या गावाची समजूत हा मनोविकार नव्हे, त्यासाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हा बचाव कायद्यात सगळ्यांसाठी आहे, पण न्यायालयात तो बहुतेक वेळा त्याच्याच कामी येतो, ज्याच्याकडे चिठ्ठी आहे. घरातल्या माणसाचं मन बिघडलं तर त्याला जिल्हा रुग्णालयात न्या आणि केसपेपर जपून ठेवा. तो जपायचा मुख्यतः त्याच्या उपचारासाठी. पण उद्या वाईट वेळ आलीच, तर वकील पहिल्यांदा तोच मागेल.