औषधालयातील भुंगेरा आणि जोंधळ्याचे पेव

गेल्या भाद्रपदात माझ्या औषधालयातील अश्वगंधेचे एक पोते उघडले. तळाशी पिवळसर भुगा साचला होता आणि मुळांवर टाचणीने टोचल्यासारखी गोल छिद्रे दिसत होती. पोते चैत्रात खरेदी केलेले. त्या वेळी ते डोळ्यांना निर्दोष वाटले होते. मदतनीस सहजपणे म्हणाला, "डॉक्टर, चाळून घेऊ, दोन दिवस उन्हात टाकू आणि चूर्णाला लावू." आपल्यापैकी अनेकांनी केव्हा ना केव्हा हेच केले आहे. मीही केले आहे. असे द्रव्य चाळून वापरावे की नाही, याचा शास्त्रीय विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम या किड्यांची ओळख करून घेऊ. शुष्क वनौषधींना लागणारे भुंगेरे मुख्यत्वे दोन. पहिल्याचे शास्त्रीय नाव स्टेगोबियम पॅनिसियम. इंग्रजीत त्याला 'ड्रगस्टोअर बीटल' म्हणजे औषधालयातील भुंगेरा असेच म्हणतात, कारण युरोप-अमेरिकेतील जुन्या औषधविक्रेत्यांच्या खणांत तो हमखास सापडत असे. दुसरा लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने, म्हणजे तंबाखूवरील भुंगेरा. दोघेही तांबूस तपकिरी, लांबीने साधारण २ ते ३.५ मिलिमीटर. भिंग घेऊन पाहिल्यास पहिल्याच्या पंखांच्या कवचावर उभ्या बारीक रेषा दिसतात आणि त्याच्या मिशांच्या टोकाची तीन पेरे मोठी असतात. दुसऱ्याचे कवच गुळगुळीत, मिशा करवतीसारख्या दातेरी आणि डोके इतके खाली वळलेले की तो कुबड काढून बसल्यासारखा भासतो. प्रौढ भुंगेरा फारसे खात नाही. सर्व नाश अळी करते. आपण छिद्र पाहतो तेव्हा अळीचा कार्यभाग उरकून भुंगेरा बाहेर पडलेला असतो. छिद्र ही किडीची पहिली खूण नव्हे, शेवटची आहे.

ही जात काही आजची नाही. इजिप्तमधील तुतनखामेनच्या थडग्यातील द्रव्यांतही तंबाखूवरील भुंगेऱ्याचे अवशेष आढळल्याची नोंद आहे. तंबाखू अमेरिका खंडातून जुन्या जगात येण्यापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे हा प्राणी सुगंधी व औषधी द्रव्यांवरच जगत होता, असा त्याचा अर्थ. नाव तंबाखूचे मिळाले, मूळ गिऱ्हाईक मात्र आपलेच!

आता वैद्याला पडणारा स्वाभाविक प्रश्न असा की, तिक्त, कटु, तीक्ष्ण, क्वचित विषारी द्रव्ये हा किडा पचवितो कशी? याचे उत्तर सूक्ष्मजीवशास्त्राने दिले आहे. या दोन्ही भुंगेऱ्यांच्या आतड्याला लागून असलेल्या पेशींत किण्वासारखे सूक्ष्म कवक वास करतात. मादी अंडे घालताना अंड्याच्या कवचाला त्यांचा लेप देते. अळी बाहेर येताना ते कवच कुरतडते आणि आपला सहचर पोटात घेते. हे कवक अळीला ब-जीवनसत्त्वे पुरवितात, म्हणून निकृष्ट, निःसत्त्व लाकडासारख्या मुळावरही ती वाढते. त्याशिवाय तंबाखूवरील भुंगेऱ्यातील कवक अनेक वनस्पतिजन्य विषांचे विघटन करतात, असे अमेरिकेतील पॅट्रिक डाऊड यांच्या प्रयोगांतून पुढे आले. तेव्हा 'कडू द्रव्याला कीड लागत नाही' ही आपली समजूत या दोन प्राण्यांपुरती तरी सोडून द्यावी लागते. सुंठ, हळद, धने, अश्वगंधा, शतावरी यांचे पोषक पिष्ट तर त्यांना मेजवानीच.

दुसरी समजूत आपल्या भागाची. मंगळवेढा अवर्षणप्रवण, येथील हवा कोरडी, तेव्हा माल सुरक्षित, असे आपण धरून चालतो. हे अर्धसत्य आहे. सुमारे ३० अंश सेल्सिअस उष्णता आणि ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असता तंबाखूवरील भुंगेऱ्याची अंड्यापासून प्रौढापर्यंतची पिढी चार आठवड्यांच्या आसपास पूर्ण होते. आपल्याकडे श्रावण ते आश्विन हीच स्थिती असते. चैत्रातील एखादी मादी आश्विनापर्यंत पोत्याचा भुगा का करू शकते, हे यावरून ध्यानात येईल. शिवाय आपली बहुतांश द्रव्ये या मातीतील नसतात. कोकण व सह्याद्रीतून आलेला माल तेथील ओल आणि तेथील अंडी घेऊनच आपल्या कोठीत उतरतो.

कीड चाळता येते. बुरशीचे तसे नाही. अळीच्या श्वसनातून उष्णता व बाष्प निर्माण होते, त्यामुळे पोत्याच्या मध्यभागी ओल धरते आणि अॅस्परजिलस फ्लेवस ही हिरवट-पिवळी बुरशी तेथे बस्तान मांडते. तिच्या काही वाणांपासून अफ्लाटॉक्सिन हे यकृतघातक विष निर्माण होते. १९७४ साली गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा भागांत अवेळी पावसाने भिजून बुरसलेला मका खाण्यात आला आणि कामला व जलोदर होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने त्याचा मागोवा घेतला, तेव्हा त्या घरांतील कुत्रीही तशीच आजारी पडल्याचे दिसून आले. धान्य आपण पोटभर खातो, औषध मासा-तोळ्याने देतो, हे खरे. परंतु आपला रुग्ण बहुधा आधीच दुर्बल असतो. कित्येकदा यकृताच्या विकारासाठीच तो आपल्याकडे येतो. भागलपूरच्या संशोधकांनी १९८८ मध्ये औषधी द्रव्यांच्या साठ्यातील नमुने तपासून बहुतेकांत अफ्लाटॉक्सिन बी-१ असल्याचे प्रसिद्ध केले होते. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने त्याची मर्यादा दशलक्ष भागांत ०.५ भाग अशी घालून दिली आहे. हे विष क्वाथाच्या उकळीने नष्ट होत नाही. २०० अंशांपलीकडील उष्णतेपर्यंत ते टिकते. उन्हात बुरशी मरते, विष मात्र द्रव्यातच राहते. चाळण्याने व वाळविण्याने द्रव्य केवळ दिसण्यापुरते शुद्ध होते.

मग उपाय कोणता? येथे आपल्या गावाकडे वळतो. दुष्काळात कोठार खुले करणाऱ्या दामाजीपंतांचे हे मंगळवेढे. धान्य साठविणे ही येथील जुनी विद्या. येथील मालदांडी जोंधळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापूर जिल्ह्यातील जुन्या वाड्यांतून हा जोंधळा पेवात भरीत. पांढरीच्या घट्ट मातीत सुरईच्या आकाराचा खड्डा, आत कडब्याचे अस्तर, तोंडावर दगड आणि त्यावर चिखलाचा लेप. वर्षांमागून वर्षे धान्य टिकत असे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी कंदील सोडीत. कंदील विझला तर थांबत, कारण आत प्राणवायू उरलेला नसे. धान्य आणि त्यातील किडे यांच्या श्वसनाने तो संपून कर्बवायू साचलेला असे. जो वायू उतरणाऱ्याचा जीव घेई, त्यानेच आतील कीडही मेलेली असे.

या मृत्यूचा बारकावा अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे लॅरी मर्डॉक व त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये उलगडून दाखविला. कोरड्या धान्यातील किड्याला प्यावयास पाणी नसते. अन्नाचे प्राणवायूच्या साहाय्याने ज्वलन करून तो आपले पाणी शरीरातच तयार करतो. प्राणवायू तुटला की पाणी तुटते, आणि किडा गुदमरण्याऐवजी तृषेने मरतो. याच विद्यापीठाने चवळीसाठी विकसित केलेली तीन पदरी हवाबंद पिशवी म्हणजे एका अर्थी जमिनीवरचे पेवच होय.

पेवाचा उपयोग औषधी द्रव्याला होत नाही असेही नाही. सांगलीजवळ हरिपूर येथे हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांपैकी बहुतेकांची हानी झाली. हळकुंड भुंगेऱ्याचे आवडते खाद्य. तरी पेवात ते वर्षानुवर्षे निकोप राहत असे.

मात्र एक अट विसरता कामा नये. पेवात जोंधळा जाई तो रब्बीचा, फाल्गुनाच्या उन्हात खणखणीत वाळलेला. ओला माल हवाबंद केला तर तो कुजतो. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात द्रव्यसंग्रहाची जागा अग्नी, पाणी, धूर, धूळ, उंदीर यांच्यापासून दूर असावी असे सांगताना 'उपस्वेद' हा शब्दही घातला आहे आणि पात्रे नीट झाकून शिंक्यावर टांगण्यास सांगितले आहे. उपस्वेद म्हणजे ओलसर वाफारा. प्लास्टिकच्या पिशवीच्या आतील बाजूस सकाळी जमणारे थेंब पाहिले की हा शब्द तेथे का आला ते समजते.

व्यवहारात एवढे करता येते. माल आला की तो कोठीत न नेता बाहेर फोडावा. काही मुळे मोडून भिंगाखाली पाहावीत. सुक्या बाटलीत थोडे कोरडे मीठ आणि ठेचलेले द्रव्य घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर ओल फार आहे असे समजावे. ही खूण धान्याची आहे, पण ढोबळ परीक्षेस पुरते. मग द्रव्य वाळवून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत काठोकाठ भरावे. अर्धा डबा म्हणजे किडीला दिलेला प्राणवायू. साधी प्लास्टिकची पिशवी पुरत नाही. हे दोन्ही भुंगेरे ती पोखरून आरपार जातात. थोड्या, मौल्यवान द्रव्यांसाठी उणे १८ अंशांच्या शीतपेटीत आठवडाभर ठेवणे उत्तम. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत उघडू नये, अन्यथा दव जमते. ६० अंशांची उष्णता तासाभर आतपर्यंत पोहोचल्यासही कीड मरते. परंतु ओवा, तगर, जटामांसी यांसारख्या सुगंधी द्रव्यांचे तैल त्यात उडून जाते.

मोठ्या फार्मसीमालकांचा कल धुरी देणाऱ्या गोळ्यांकडे असतो. अॅल्युमिनियम फॉस्फाइडची विक्री व वापर अधिकृत कीडनियंत्रकांपुरता मर्यादित आहे आणि तो वायू माणसालाही प्राणघातक आहे. शिवाय तंबाखूवरील भुंगेऱ्यात या वायूला प्रतिकारशक्ती उत्पन्न झाल्याचे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९४ मध्येच दाखविले आहे. त्यापेक्षा कोठीत कीड आहे की नाही हे वेळीच कळणे महत्त्वाचे. या भुंगेऱ्यांच्या माद्यांचे गंधद्रव्य जपानी संशोधकांनी १९७८-७९ च्या सुमारास ओळखले; त्यावर आधारित चिकट सापळे आज मिळतात. सापळ्यात नर अडकू लागले की पोती तपासावयास घ्यावीत.

शार्ङ्गधरांनी चूर्णाची वीर्यमर्यादा दोन महिने आणि शुष्क द्रव्याची एक वर्ष सांगितली. आजच्या नियमांत चूर्णाला दोन वर्षे मिळतात. ती दोन वर्षे बंद डब्याची आहेत, दवाखान्यात दिवसातून दहा वेळा उघडल्या जाणाऱ्या बरणीची नव्हेत, हा माझा आग्रह अनेक सहव्यवसायींना जाचक वाटतो.

ते अश्वगंधेचे पोते मी परड्यातील खताच्या खड्ड्यात टाकले. मदतनिसाला हळहळ वाटली, मलाही वाटली. नवीन माल आता कार्तिकानंतर घेतो, तोही अर्धाच, आणि प्रत्येक डब्यावर भरल्याची तिथी लिहितो.