साठीतले जपानी कराओकेत काय गातात?

साठी म्हटलं की 'एन्का', म्हणजे विरहाची, बंदरांची, कंप घेत गायलेली गाणी, असं आपण धरून चालतो. पण आज साठीत असलेले जपानी १९७०-८०च्या दशकांत तरुण झाले. त्यांची आवड बरीच व्यापक आहे.

एन्का आहेच. इशिकावा सायुरीचं 'त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी' (१९७७) घ्या. गाण्यात टोकियोच्या उएनोहून रात्रीची गाडी, आओमोरीला उतरून होक्काइदोची बोट. समुद्राखालचा बोगदा झाला आणि १९८८मध्ये ही बोटसेवा संपली. गाणं मात्र अजून जोरात आहे. गायलं तेव्हा बाई जेमतेम १८ वर्षांच्या होत्या, आवाजावरून पटत नाही!

यामागुची मोमोएचं 'इइ हि ताबिदाची' (१९७८) हे तर जपानी रेल्वेच्या जाहिरातीचं गाणं. दोनच वर्षांत, २१व्या वर्षी तिनं लग्नासाठी गाणं सोडलं.

पुरुषांसाठी माझी शिफारस तेराओ आकिराचं 'रुबी नो युबिवा' (१९८१). हाच नट दिग्दर्शक कुरोसावांच्या 'रान' चित्रपटात थोरला राजपुत्र झालाय. चाल खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी, त्यामुळे दम लागत नाही. तरी अवघड वाटलंच, तर मशीनवर पट्टी बदलायचं बटण असतं. बिनधास्त दाबा.